शेवटचे काही मिलिग्रॅम

नैराश्यावरची गोळी केव्हा सुरू करावी, कोणती निवडावी आणि तिची मात्रा कशी वाढवत न्यावी, याविषयी वैद्यकशास्त्राने गेल्या सहा-सात दशकांत भरपूर लिहिले आहे. ती गोळी बंद कशी करावी या प्रश्नाकडे मात्र त्याने फार उशिरा, आणि तेही रुग्णांनी बराच तगादा लावल्यावर, लक्ष दिले. या उशिराला अज्ञान हे कारण देता येत नाही. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात काम करणाऱ्या रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावर उपयोग होतो हे १९५७ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, हे औषध थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो असे कॅनडातील डॉक्टरांनी नोंदवले. म्हणजे नैराश्यरोधक औषधांचे युग आणि ती सोडताना होणाऱ्या त्रासाची माहिती या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वयाच्या आहेत; पहिलीचा गाजावाजा झाला आणि दुसरी नियतकालिकांच्या जुन्या अंकांत पडून राहिली.

औषध थांबवल्यामुळे किंवा त्याची मात्रा एकदम कमी केल्यामुळे जी लक्षणे उद्भवतात त्यांना वैद्यकात 'विथड्रॉवल'ची लक्षणे म्हणतात. नैराश्यरोधक औषधांच्या बाबतीत ती बहुधा काही दिवसांत सुरू होतात आणि त्यांचे स्वरूप इतके विविध असते की त्यांचा गोळीशी संबंध असेल हे पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. चक्कर येणे, तोल गेल्यासारखे वाटणे, मळमळ, फ्लू झाल्यासारखी अंगदुखी व घाम, झोप न लागणे, लागलीच तर विलक्षण ठसठशीत स्वप्ने पडणे, विनाकारण रडू कोसळणे, क्षुल्लक गोष्टीवरून संताप येणे, छातीत धडधडणे ही त्यांपैकी नेहमीची. यांखेरीज एक लक्षण असे आहे की ते या औषधांशी विशेष निगडित मानले जाते: डोक्यात क्षणभर विजेचा सौम्य झटका बसल्यासारखी जाणीव होते, ती पुष्कळांना नजर झटकन बाजूला वळवल्यावर येते, आणि तिच्यासोबत कधी कानात 'झुप्' असा आवाज, तर कधी क्षणभर भान हरपल्यासारखे वाटते. 'डोक्यात करंट लागतो' असे सांगणारा रुग्ण गोळीबद्दल काहीच बोलला नाही, तर त्याच्या मानेच्या मणक्यांचा एक्स-रे निघतो, रक्तदाब मोजला जातो, चक्करेची गोळी दिली जाते. आठवड्यापूर्वी संपलेल्या पट्टीचा विषय निघतच नाही.

हा त्रास का होतो हे समजण्यासाठी औषधाच्या कार्यपद्धतीचे थोडके वर्णन आवश्यक आहे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पोचवण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांपैकी सेरोटोनिन हे एक होय. निरोप पोचल्यावर दोन पेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन परत ओढून घेणारे एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते, त्याला येथे 'वाहक' म्हणू. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधे या वाहकाला अडवून धरतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत अधिक काळ राहते. या गटाला संक्षेपाने 'एसएसआरआय' असे म्हणतात. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, हे एके काळी घरोघरी पोचलेले सुटसुटीत स्पष्टीकरण आज पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. औषध उपयोगी पडते की नाही हा प्रश्न त्याहून निराळा असला, तरी हे स्पष्टीकरण ज्या खात्रीने सांगितले गेले ती खात्री कोठून आली असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ते काहीही असो, महिनोन्‌महिने औषध चालू राहिले की मेंदू त्याच्या उपस्थितीशी जुळवून घेतो, सेरोटोनिन टिपणारी स्थाने आपली संवेदनक्षमता बदलतात, आणि औषध एकाएकी काढून घेतले की ते काही दिवसांत शरीराबाहेर जात असले तरी ही जुळवाजुळव मोडायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. या मधल्या काळात जे जाणवते तेच विथड्रॉवल, असे आज सामान्यतः मानले जाते.

याला व्यसन म्हणणे चुकीचे ठरेल. व्यसनात पदार्थाची तलफ येते, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागते, त्यासाठी माणूस नुकसान सोसायला तयार होतो. यांपैकी काहीही या औषधांबाबत घडत नाही. शरीर औषधाला सरावते एवढेच घडते, आणि तसा सराव स्टेरॉइडचा, फिट्सवरच्या औषधांचा व रक्तदाबावरच्या काही गोळ्यांचाही होतो, म्हणून तीही टप्प्याटप्प्याने उतरवली जातात. 'या गोळ्यांची सवय लागत नाही' असे दवाखान्यात सांगितले जाते तेव्हा व्यसन लागत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. रुग्ण मात्र त्यातून 'केव्हाही सोडल्या तरी चालतात' असा अर्थ घेतो, आणि त्यात रुग्णाचा दोष फारसा नाही.

या प्रश्नाची सर्वांत ठळक सार्वजनिक चर्चा ब्रिटनमध्ये झाली. इंग्लंडमध्ये वर्षाला ८० लाखांहून अधिक लोकांना ही औषधे लिहून दिली जातात, आणि २००२ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमाने पॅरोक्सेटिनवर भाग प्रसारित केल्यावर त्याला प्रेक्षकांचे हजारोंनी प्रतिसाद आले होते. तरीही तेथील उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत ही लक्षणे सहसा सौम्य असतात व साधारण एका आठवड्यात आपोआप शमतात असे लिहिलेले होते. ती क्वचित तीव्र होऊ शकतात, विशेषतः औषध एकदम थांबवल्यास, अशी पुस्तीही तेथे होती, पण डॉक्टरांच्या लक्षात राहिला तो 'एक आठवडा'. त्याचा व्यवहारातला परिणाम असा झाला की ज्याचा त्रास दोन किंवा तीन महिने चालला त्याला, हा विथड्रॉवल असणे शक्य नाही, हा तुमचा मूळ आजारच परतला आहे, असे सांगून पुन्हा गोळी सुरू केली जाई. तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मे महिन्यात आपली भूमिका बदलली, त्याच वर्षी 'नाइस'नेही मजकूर बदलून काहींच्या बाबतीत ही लक्षणे तीव्र असतात व कित्येक महिने टिकू शकतात हे मान्य केले, आणि २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेत मात्रा कशी उतरवावी याचे तपशील आले. या बदलामागे संशोधकांचा जितका वाटा आहे तितकाच, किंबहुना अधिक, स्वतःच्या शरीरावर हे सारे भोगून त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रुग्णांचा आहे.

त्रास नेमका किती जणांना होतो यावर अजून एकमत नाही. जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांच्या २०१९ च्या आढाव्यात औषध सोडणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना त्रास होतो व त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो तीव्र वाटतो असा निष्कर्ष होता. त्यात स्वतःहून माहिती देणाऱ्यांच्या सर्वेक्षणांचाही समावेश असल्याने आकडा फुगला, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या आढाव्यात ७९ अभ्यास आणि २१ हजार लोक होते. त्यात औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना लक्षणे जाणवली. म्हणजे केवळ औषधामुळे होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला, असा त्याचा हिशेब निघतो. या दुसऱ्या आकड्याने पुष्कळांना हायसे वाटले. परंतु त्यातील बहुतेक अभ्यासांत लोकांनी औषध काही आठवडे किंवा काही महिनेच घेतलेले होते, आणि प्रत्यक्षात अडचण येते ती पाच-दहा वर्षे गोळी घेतलेल्यांची, हे ध्यानात घेतले तर तो दिलासा अपुरा वाटतो. शिवाय ३५ जणांत एक हे प्रमाण कोट्यवधी लोक घेत असलेल्या औषधाला लावले की ती संख्या लहान राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल, आणि तो बव्हंशी अंकगणिताचा आहे. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'तच मेंदूच्या प्रतिमाचित्रणावर आधारलेली एक मांडणी केली. सिटॅलोप्रॅम हे एस्सिटॅलोप्रॅमचे जवळचे भावंड असलेले औषध २० मिलिग्रॅम घेतले असता मेंदूतील सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात असे या चित्रणातून दिसते. मात्रा दुप्पट, म्हणजे ४० मिलिग्रॅम केली तरी हे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपासच जाते. आणि २० वरून साधारण ९ मिलिग्रॅमवर आणली तरी ते ७० टक्क्यांवर राहते. कोरडे फडके पहिले चमचाभर पाणी झटकन पिऊन टाकते आणि ते भिजत आले की पुढचे चमचे बाजूलाच ओघळतात, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे उतरताना गणित उलटे होते: ६० टक्क्यांवर यायला ५.४ मिलिग्रॅम, ५० वर यायला ३.४, ४० वर २.३, ३० वर १.५, २० वर ०.८ आणि १० टक्क्यांवर यायला ०.४ मिलिग्रॅमहूनही थोडी कमी मात्रा लागते.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर दवाखान्यांतून सर्रास दिला जाणारा सल्ला कोठे चुकतो ते दिसते. 'पंधरा दिवस अर्धी गोळी घ्या, मग बंद करा' असे सांगितले जाते तेव्हा २० ची गोळी १० वर येते, वाहकांवरील पकड ८० टक्क्यांवरून ७० च्या आसपास उतरते आणि रुग्णाला जवळजवळ काहीच जाणवत नाही. उलट 'किती सोपे आहे' असा आत्मविश्वास येतो. त्यानंतर १० वरून शून्यावर येताना तीच पकड ७० टक्क्यांवरून एका दिवसाच्या निर्णयाने शून्याकडे घसरते. दोन्ही पायऱ्या गोळीच्या हिशेबात सारख्या, मेंदूच्या हिशेबात मात्र दुसरी पहिलीच्या सात पट उंच आहे. ज्या मात्रेला डॉक्टर 'नावापुरती' समजतात आणि केमिस्टच्या फळीवर जिची गोळीच नसते, त्या मात्रेत औषधाचा निम्म्याहून अधिक प्रभाव दडलेला असतो. म्हणूनच मात्रा ठरावीक मिलिग्रॅमनी न उतरवता दर वेळी असलेल्या मात्रेच्या ठरावीक हिश्शाने उतरवावी, म्हणजे पायऱ्या आपोआप लहान लहान होत जातात, असे आता सुचवले जाते. किती हिश्शाने आणि किती आठवड्यांनी, याचे उत्तर माणसागणिक बदलते: काही महिनेच औषध घेतलेल्याला चार-सहा आठवडे पुरतील, तर अनेक वर्षे घेतलेल्याला, किंवा पूर्वी सोडताना हाल झालेल्याला, वर्षभर किंवा त्याहून अधिक काळही लागू शकतो. प्रत्येक पायरीनंतर लक्षणे शमेपर्यंत थांबणे हा नियम मात्र सर्वांना लागू पडतो.

एक दिवसाआड गोळी घेणे हा घरगुती उपाय आणि काही वेळा वैद्यकीय सल्लाही असतो. तो बहुतेक औषधांच्या बाबतीत त्याज्य आहे. रक्तातील औषध निम्मे व्हायला लागणाऱ्या काळाला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांचे ते साधारण एका दिवसाच्या आसपास आहे, म्हणजे दोन दिवसांनी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पुढच्या गोळीच्या वेळी चतुर्थांशच औषध उरते आणि त्याचा मेंदू दर अठ्ठेचाळीस तासांनी भरती-ओहोटी सोसत राहतो. व्हेन्लाफॅक्सिनचे अर्धायुष्य तर सुमारे पाच तासांचे आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या सक्रिय घटकाचे अकरा तासांचे आहे, त्यामुळे ते घेणाऱ्याला संध्याकाळी विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठवण करून देते. फ्लुओक्सेटिन याला अपवाद आहे. ते आणि त्याचा सक्रिय घटक शरीरात कित्येक दिवस, कधी आठवडे रेंगाळतात, म्हणून ते दिवसाआड घेतले तरी पातळी फारशी हलत नाही, आणि ते सोडताना त्रास तुलनेने कमी होतो. मात्र झालाच तर तो काही आठवड्यांनी, औषधाची आठवणही मागे पडल्यावर होतो, हे त्याचे दुसरे अंग लक्षात ठेवावे लागते.

इतक्या लहान मात्रा आणायच्या कोठून, हा पुढचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये याचे एक नेटके उत्तर शोधले गेले: दिवसागणिक किंचित घटत जाणाऱ्या मात्रेच्या पुड्या ओळीने जोडलेली २८ दिवसांची पट्टी तेथे तयार करून मिळते, रुग्णाने फक्त रोजची पुडी फाडायची. अन्यत्र औषधाच्या द्रवरूपाचा आधार घेतला जातो. दर मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेल्या द्रवातून सुई नसलेल्या सिरिंजने ३.४ मिलिलीटर ओढले की ३.४ मिलिग्रॅमची मात्रा तयार होते. सिरिंजचे टोक बाटलीत बुडवून दट्ट्या सावकाश ओढायचा, बुडबुडा आला तर टिचकी मारून वर काढायचा, आणि रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायची. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅमच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात व त्यांचे अर्धे तुकडे करता येतात, पण त्याखाली जायचे तर प्रत्येक औषध द्रवरूपात जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि गोळी कुटून पाण्यात कालवण्याचा प्रयोग डॉक्टर व औषधनिर्मात्याला विचारल्याशिवाय करू नये. विशेषतः सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि ड्युलोक्सेटिनसारख्या औषधांच्या कॅप्सूलमधील लेपित दाणे कुटले की त्यांची रचनाच नष्ट होते. एवढी लहान गोळी बाजारात का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर उघड आहे: औषध सोडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नवा कारखाना कोण उभारणार?

महाराष्ट्रातल्या आणि एकूणच भारतातल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम एकाच गोळीत असलेली मिश्रणे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जातात, आणि घेणारा तिला 'टेन्शनची गोळी' किंवा 'झोपेची गोळी' म्हणून ओळखतो. क्लोनाझेपॅम हे बेंझोडायझेपीन या अगदी वेगळ्या गटातले औषध असून त्याचे अवलंबन अधिक पक्के असते, आणि दीर्घकाळ घेतल्यावर ते एकदम थांबवल्यास तीव्र घबराट व निद्रानाशच नव्हे तर फिट येण्याचाही धोका असतो. अशी मिश्र गोळी सोडताना दोन औषधे एकाच वेळी सुटत असतात, त्यामुळे ती आधी दोन स्वतंत्र गोळ्यांत विभागून घेऊन एकेक उतरवणे श्रेयस्कर; आपण नेमके काय घेतो हे पट्टीच्या मागच्या बाजूवरील बारीक अक्षरांत प्रत्येकाने निदान एकदा वाचावे. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत असा कायदा असला तरी तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर पट्ट्या मिळत राहतात, त्यामुळे डॉक्टरांची गाठ पडत नाही आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची हा निर्णय कोणी घेतच नाही. मग तो परिस्थिती घेते. लग्न ठरते आणि 'सासरी कळायला नको' म्हणून गोळी बंद होते. दिवस राहतात आणि घाबरून त्याच दिवशी पट्टी फेकली जाते. गणपतीला कोकणात गेल्यावर पट्टी संपते आणि तालुक्याच्या गावी ते औषध नसते. किंवा घरातले वडीलधारे 'किती दिवस गोळ्यांवर जगणार' असे ऐकवतात आणि सून निमूटपणे ऐकते. गरोदरपणात औषधाचा फेरविचार अवश्य व्हावा, परंतु तो डॉक्टरांबरोबर व्हावा, कारण आकस्मिक बंदीने होणारा त्रास आणि परतणारे नैराश्य ही दोन्ही आईला व बाळाला घातक ठरू शकतात.

गोळी सोडल्यावर होणारा त्रास विथड्रॉवलचा की परतलेल्या आजाराचा, हे ओळखणे सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. विथड्रॉवल बहुधा मात्रा घटवल्यानंतर काही दिवसांतच येतो, त्यात डोक्यातला करंट, चक्कर, मळमळ अशी मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणे असतात, तो लाटांसारखा कमी-जास्त होतो आणि आधीची मात्रा पुन्हा सुरू केली तर थोड्याच दिवसांत ओसरतो. नैराश्य सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू आणि आपल्या जुन्या ओळखीच्या चेहऱ्याने परतते, आणि औषध पुन्हा सुरू केले तरी सुधारणा दिसायला आठवडे लागतात. दोहोंत रडू येणे व झोप उडणे समान असल्यामुळे गफलत होते खरी. तथापि आजार परतण्याची शक्यता नाकारणे हीही तितकीच घातक चूक होईल. ब्रिटनमधील 'अँटलर' या २०२१ च्या चाचणीत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या व बरे वाटत असलेल्या ४७८ जणांपैकी काहींचे औषध चालू ठेवले आणि काहींचे सुमारे दोन महिन्यांत उतरवले, तेव्हा वर्षभरात चालू ठेवलेल्या गटात ३९ टक्के आणि सोडलेल्या गटात ५६ टक्के लोकांचे नैराश्य परतले. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचायला हवा: सोडणाऱ्यांना धोका अधिक आहे, आणि सोडूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले.

त्यामुळे वेळेची निवड महत्त्वाची ठरते. पहिल्याच खेपेच्या नैराश्यातून बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे, आणि आजार वारंवार उलटत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. परीक्षा, घरातला मृत्यू, नोकरीतली उलथापालथ अशा काळात उतरण सुरू करू नये. घरातल्या एका तरी माणसाला आधी कल्पना दिलेली असावी, कारण आठव्या दिवशी ताटावरून उठून जाणाऱ्या माणसाचा राग हा स्वभावाचा नसून औषधाच्या पातळीचा आहे हे ओळखणारे कोणीतरी शेजारी लागते. तारीख, मात्रा, झोपेचे तास आणि लक्षणे एवढ्या चार रकान्यांची साधी वही पुढील पायरी घ्यावी की थांबावे याचा निर्णय सोपा करते. गोळी रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी, दारू टाळावी, चक्कर असेपर्यंत दुचाकी चालवू नये, आणि त्रास असह्य झाला तर दात-ओठ खाऊन सोसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून आधीच्या पायरीवर परत जावे. अशी माघार म्हणजे अपयश नव्हे, पुढच्या वेळी पायरी लहान हवी एवढाच तिचा अर्थ. मनाच्या बाजूने करण्यासारखेही काही आहे. सजगतेवर आधारित बोधात्मक उपचार घेत औषध उतरवणारे आणि औषध चालू ठेवणारे अशा एकूण ४२४ जणांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत केली गेली, तेव्हा दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण अनुक्रमे ४४ व ४७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. आपल्याकडे असा उपचार मोठ्या शहरांबाहेर मिळणे दुरापास्त असले, तरी समुपदेशक उपलब्ध असेल तर गोळी उतरवण्याच्या आधीच त्याच्याकडे जाणे सुरू करावे, कारण बुडू लागल्यावर पोहणे शिकता येत नाही.

आत्महत्येचे विचार, अजिबात न सोसणारी अस्वस्थता, फिट, भ्रम किंवा अवास्तव उत्साह यांपैकी काहीही दिसले तर वहीतल्या नोंदी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते व मराठीतही बोलता येते. एरवी शेवटची मात्रा थांबल्यानंतरही डॉक्टरांच्या भेटी पहिले सहा महिने चालू ठेवाव्यात, आणि कोणत्या मात्रेवर किती आठवडे थांबलो व कोठे अडखळलो याची नोंद फाइलमध्ये जपून ठेवावी, कारण पुन्हा कधी औषध घ्यावे लागले तर पुढच्या डॉक्टरला तिचा उपयोग कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा अधिक होतो.